साडूच्या माशांची पिल्लं

माझ्या साडूच्या माशांची पिल्लं माझ्या माशांच्या पिल्लांपेक्षा मोठी आहेत, ही बातमी मला माझ्याच बायकोनं दिली, आणि तीही मी शर्टाचं वरचं बटण लावत असताना. मान ताठ, हनुवटी छताकडे, अशा अवस्थेत माणसाला धड रागावताही येत नाही.

"ताईकडची पिल्लं बघितलीत का? बोटाच्या पेरांएवढी झालीत," ती म्हणाली. "आपली अजून जिऱ्याएवढीच आहेत."

"आपली सडपातळ आहेत."

"सडपातळ दिसायला आधी काहीतरी दिसावं लागतं."

मी मत्सरी माणूस नाही, हे इथेच सांगून टाकतो. साडू माझ्यापेक्षा सात इंचांनी उंच आहे. मी कधी ब्र काढला नाही. पन्नाशी उलटली तरी त्याच्या डोक्यावर केसांचं रान आहे आणि माझ्याकडे नुसती बांधावरची गवताची ओळ उरली आहे. तेही मी सोडून दिलं. त्याच्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं, माझ्या गॅलरीत वरच्या मजल्यावरच्यांचे ओले पायजमे येतात. बावीस वर्षं मी हे सगळं हसतमुखानं गिळत आलो आहे. पण माशांची गोष्ट वेगळी. माशांच्या बाबतीत आम्ही दोघांनी एकाच रेषेवरून धावायला सुरुवात केली होती.

झालं होतं असं, की दोन्ही बहिणींनी आम्हाला सोबत नेऊन एकाच दिवशी, एकाच दुकानातून सोनेरी मासे घेतले. दुकानदारानं एकाच टाकीत एकच जाळी बुडवून चार मासे काढले आणि दोन पिशव्यांत एकेक जोडी सोडली. "एकाच माळेचे मणी आहेत साहेब, डावंउजवं करायचं कामच नाही," तो म्हणाला. तरी मी डावीकडच्या पिशवीकडे हात पुढे केला होता. साडूचा हात लांब, त्याचा आधी पोचला. पुढे दीड वर्षानं दोन्ही माद्यांनी एकाच आठवड्यात अंडी घातली, तेव्हा दोन्ही घरांतून एकमेकांना फोन गेले. आणि सहा आठवड्यांनी ही पेरं आणि हे जिरं.

संध्याकाळी मी मिक्सरचं भांडं परत करायच्या निमित्तानं त्यांच्याकडे गेलो. भांडं त्यांचं नव्हतं, पण त्यांनीही ते मुकाट्यानं ठेवून घेतलं. टाकीपाशी गेलो आणि वाकून बघितलं. पिल्लं कसली, चांगले रांगेत शाळेला जाण्याच्या वयाचे मासे होते! एक तर काचेपाशी येऊन माझ्याकडे वरून खाली बघून गेला.

"काय खायला घालता?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

साडूचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत वाकून बघायची सवय असल्यामुळे तो बोलतानाही कमरेत वाकून, मायेनं बोलतो. त्या मायेचा मला विलक्षण राग येतो.

"काही विशेष नाही हो साडूभाऊ. डब्यातलं टाकतो. सकाळी दोन चिमट्या, संध्याकाळी दोन चिमट्या."

"कुठला डबा?"

त्यानं डबा दाखवला. माझ्याकडे होता तोच. तेच हिरवं झाकण, त्याच्यावर तोच हसरा मासा.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. संशय घ्यायचा मला पगार मिळतो. समोरचा 'काही विशेष नाही हो' म्हणाला, की आमच्याकडे ती फाइल वेगळ्या कपाटात जाते.

माझी पिल्लं जिऱ्याएवढी आहेत ही गोष्ट बायकोनं फक्त शेजारणीला सांगितली होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती सगळ्या इमारतीला माहीत होती. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक स्वतःहून वर आले. "तुमच्याकडे शिस्त नाही. घंटा वाजवायची, मगच खायला घालायचं. भूक वेळेवर लागते." पूजेची घंटा मला कोणी काढू देईना, म्हणून मी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवू लागलो. पहिल्या ठोक्याला पिल्लं जी झाडांमागे पळाली, ती दुपारपर्यंत बाहेर आली नाहीत. तिसऱ्या दिवशी चमचा हातात घेतला तरी पळू लागली. मग कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, "बाळांचं टॉनिक द्या, दोन थेंब. माझ्या पुतण्याला दिलं होतं, आता दारातून वाकून जातो." मी दोन थेंबच टाकले. म्हणजे टाकायला गेलो तेव्हा बाटलीचं झाकण सैल होतं. पाणी केशरी झालं, वर फेस आला, आणि आठवडाभर आमच्या हॉलला संत्र्याच्या गोळीचा वास येत होता. पिल्लं वाचली. वाढली मात्र नाहीत.

शेवटी मी कार्यालयातून अर्धी रजा काढून सरकारी मत्स्यबीज केंद्रात गेलो. आपण कर भरतो, तेव्हा सल्ला मिळणं हा आपला हक्क आहे, अशी माझी समजूत होती. खिडकीतल्या कारकुनानं सल्ल्याआधी एक अर्ज पुढे सरकवला.

"तलावाचं क्षेत्रफळ, हेक्टरमध्ये," तो म्हणाला.

"तलाव नाही, काचेची टाकी आहे."

"क्षेत्रफळ असेलच ना?"

मी गणित केलं. शून्य, पूर्णविराम, मग चार शून्यं, मग बेचाळीस. कारकुनानं ते चष्मा वर करून आणि खाली करून वाचलं. "एवढी शून्यं या रकान्यात मावत नाहीत. मोठा तलाव घ्या." पुढचा रकाना होता, 'तलावाकडे जाणारा रस्ता'. मी लिहिलं, 'हॉलमधून उजवीकडे'. 'पूररेषेपासून उंची' यापुढे 'दुसरा मजला' लिहिलं, तेव्हा मात्र त्यानं पेन खाली ठेवलं. "साहेब, तुम्ही मागं जा. मॅडमना भेटा," तो म्हणाला. स्वर असा, की पुढे काही झालं तरी त्याची जबाबदारी नाही.

मॅडम मागच्या शेडमध्ये, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून हौदात उभ्या होत्या. केंद्राच्या प्रमुख त्याच. माझी सगळी कहाणी त्यांनी एक मासा हातात धरूनच ऐकली. तो मासाही ऐकत असावा.

"पिल्लांना काय घालता ते सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पिल्लांच्या आईबापांना काय घालत होता? अंडी घालायच्या आधी, दोनतीन महिने?"

खरं सांगायचं तर त्या दिवसांत डबा आणायचा राहून जायचा, आणि मी चहात बुडवलेल्या बिस्किटाचा उरलेला कोपरा टाकीत टाकायचो. त्यांना आवडायचा.

"बिस्किट," मी म्हणालो.

मॅडमनी मासा हळूच पाण्यात सोडला. बहुधा पुढचं त्यानं ऐकू नये म्हणून. "अहो, पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते शिदोरी घेऊन येतं. पोटाशी लहानशी पिशवी असते. तोंड उघडून खायला शिकेपर्यंत त्याच पिशवीवर जगतं. ती शिदोरी आई बांधते, आणि आईनं जे खाल्लं असेल त्यातूनच बांधते. बापाचं खाणंही लागू पडतं. आईबाप उपाशी, तर पिल्लू पहिल्या दिवसापासून मागं. नंतर तुम्ही त्याला सोन्याचा घास भरवलात तरी ते मागचं सगळं भरून निघत नाही."

मी घरी आलो तो मान खाली घालून. टाकीसमोर उभा राहिलो. माझी जिरी तुरुतुरु पोहत होती. बिचाऱ्यांना आईनं चहा-बिस्किटाची शिदोरी बांधून दिली होती.

अशा वेळी माणूस अंतर्मुख होतो. माझी आई खिडकीपाशी पेपर वाचत बसली होती. ब्याऐंशी वर्षांची आहे, पण ऐकू सगळं येतं, विशेषतः जे तिला उद्देशून नसतं ते.

"आई, माझ्या वेळी तू काय खायचीस?"

"तुझ्या वेळी? ओकायचे."

"ते झालं. पण खायचीस काय?"

आईनं पेपर खाली केला. "पाटीवरची पेन्सिल. फार डोहाळे होते त्याचे. रोज दोन संपवायचे. डॉक्टर ओरडले तेव्हा एकीवर आले."

इतकी वर्षं मी माझ्या उंचीचा दोष माझ्या बसण्याच्या पद्धतीला देत होतो. माझा साडू पोटात असताना त्याच्या आईनं काय खाल्लं असेल, या विचारानं मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पण मी खचणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या जोडीचं नशीब फळफळलं. सकाळी बारीक चिरलेली कोळंबी. दहा वाजता माशाच्या तेलाचे थेंब लावलेलं खाणं, ते देण्यासाठी आईला गजर लावून दिला. दुपारी कलेजीचा किस. संध्याकाळी आणि झोपताना जिवंत गांडुळं. गांडुळं रोज कुठून आणणार? म्हणून मी ती घरीच पाळायचं ठरवलं. एक बादली, ओली माती, वर भिजवलेलं पोतं. बादली न्हाणीघरात ठेवली, कारण ओलावा तिथेच असतो. बायकोला सांगायचं होतं, राहून गेलं. सकाळी सहा वाजता तिनं अंघोळीसाठी बादली ओढली आणि वरचं पोतं उचललं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाहेर आली, टेबलापाशी बसली आणि शांतपणे म्हणाली, "तुमचा साडू डोळे तपासतो. तुम्ही डोकं तपासून घ्या."

दोन दिवसांत काही गांडुळं नळीतून खाली उतरली आणि मुख्याध्यापकांच्या न्हाणीघरात प्रकट झाली. सोसायटीच्या फलकावर सूचना लागली: 'सदनिकेत शेतीस परवानगी नाही.' नाव लिहिलं नव्हतं, पण जाणारायेणारा प्रत्येक जण सूचना वाचून आमच्या खिडकीकडे बघायचा.

मासे मात्र फुलले. इतके फुलले, की त्यांचे कल्ले बाजूला काढून चिकटवल्यासारखे दिसू लागले. आणि एका सकाळी बघतो तर मादी पाण्यावर आडवी. जीव होता, तोंड हलत होतं, पण ती एका कुशीवर तरंगत होती. नरही तिच्या शेजारी शेपटी वर करून उभा. मी धावत मॅडमना फोन केला.

"दिवसातून किती वेळा देता?"

"पाच."

"चांगलं खायला घाला म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "पुष्कळ घाला म्हणाले नव्हते. चरबी चढलेला मासा अंडी घालत नाही. दोन दिवस उपास, मग उकडलेला मटार. साल काढून."

म्हणून मी, तेवीस वर्षं नोकरी झालेला माणूस, जेवणाच्या टेबलावर मटाराच्या एकेका दाण्याचं साल काढत बसलो. बायको समोर बसून बघत होती.

"मी टायफॉइडमधून उठले तेव्हा तुम्ही मला मोसंबं दिलं होतं," ती म्हणाली. "सालासकट."

घरात हे असं चाललेलं, आणि तिकडे साडूची पिल्लं दर आठवड्याला नवी टाकी मागत होती. याच सुमारास ते सहकुटुंब आठ दिवस बाहेरगावी निघाले, आणि बायकोनं मला न विचारता त्यांच्या घराची किल्ली घेतली. माशांना खाणं घालायचं काम माझ्याकडे आलं.

हा विश्वास मला फार लागला. ज्याच्यावर एवढा विश्वास टाकतात, त्याला गुपित का सांगत नाहीत?

पहिल्याच सकाळी मी ते घर नियमानुसार तपासलं. टाकीखालचं कपाट, गॅलरी, डबे, माळ्यावरची पेटी. हिरव्या झाकणाचा डबा सोडून काही नाही. फ्रिजवर मेहुणीनं चिठ्ठी लावली होती: 'भाऊजी, माशांना दोन वेळा थोडं थोडं. कुंड्यांना पाणी.' बस. मी चौथ्या दिवसापर्यंत शोधत होतो. एवढं काळजीपूर्वक काही लपवलेलं मी आमच्या आगीच्या दाव्यांतही पाहिलेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आईबापांच्या टाकीत दंगल. नर मादीला टाकीभर पळवत होता, पाणी बाहेर उडत होतं, आणि पाण्यातल्या झाडांच्या पानापानाला बारीक, काचेच्या मण्यांसारखी अंडी चिकटली होती. आता हे दोघं थांबले, की स्वतःचीच अंडी खाणार, हे मला मॅडमकडून ठाऊक होतं. मी बूट काढले, बाह्या दुमडल्या, आईबापांना जाळीनं उचलून टबमध्ये सोडलं. टाकी वाचली. पण झाडं दाट, अंडी शेकडो. एवढी एका टाकीत कशी मावणार?

अर्धी झाडं मी बादलीत घालून आमच्या घरी आणली. सुरक्षिततेसाठी. आमच्या भाषेत याला जोखीम विभागणं म्हणतात. रस्त्यानं बादली सांभाळत येताना माझ्या मनात दुसरा विचार नव्हता. दुसरा विचार जिना चढताना आला.

रविवारी ते परतले. मी टाकी दाखवली, कसं वाचवलं ते सांगितलं. साडूनं वाकून माझे दोन्ही हात हातात घेतले. "साडूभाऊ, तुम्ही होता म्हणून. दुसरा कोणी असता तर..." मी बादलीचं सांगणारच होतो. अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं काहीतरी केलं, लहान मुलाला करतात तसं, आणि मी तोंड मिटलं.

घरी सांगितलं, आपल्या जोडीनं अंडी घातली.

"कधी?" बायकोनं विचारलं. "तिला तर अजून सरळ पोहता येत नाही."

"आडवी पडूनच घालतात," मी म्हणालो. आईनं पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि पेपर पुन्हा वर केला.

त्या पिल्लांसाठी मी काय केलं नाही! रोज तीनदा पाणी बदललं. खाणं मलमलच्या फडक्यातून गाळलं. थर्मामीटर टाकीत कायमचा ठेवला, त्यामुळे आईला ताप आला तेव्हा अंदाजानं औषध दिलं. आणि पिल्लं अशी वाढली म्हणता! सहाव्या आठवड्यात पेराला मागं टाकलं. मी कार्यालयातून धावत घरी येऊ लागलो. एक लबाडी सोडली, तर माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात प्रामाणिक काळ होता.

मग केंद्राचा मेळावा जाहीर झाला. शोभेच्या माशांची दोन महिन्यांची पिल्लं, सर्वांत मोठ्याला प्रथम क्रमांक. मी अर्ज भरायला गेलो तर खिडकीत तोच कारकून.

"पालकांचा आहार हा रकाना कोरा सोडलाय," तो म्हणाला. "पालक देत असाल तर पालक लिहा, मेथी देत असाल तर मेथी."

"तो पालक नाही. पालक म्हणजे आईबाप."

"मग आईबापांची सही लागेल."

मागची रांग वाढत होती. 'मागाहून सादर करू' असं लिहून मी सुटलो.

मेळाव्याच्या दिवशी लहानशा मांडवात टेबलं मांडली होती. मॅडमनी प्रत्येक पिल्लू बशीत घेऊन खालच्या चौकटींच्या कागदावर मोजलं. साडूचं पिल्लू एकोणतीस मिलिमीटर. माझं एकतीस.

माझं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. मी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही, साडूकडे बघितलं. तो हसत होता, पण ते हसू गालांपर्यंत पोचून तिथेच थांबलं होतं. तो चेहरा मी ओळखला. बावीस वर्षं मी तो आरशात बघत आलो आहे.

तो माझ्यापाशी आला. या वेळी वाकला नाही, नुसता उभा राहिला, आणि उभा असूनही कसा कोण जाणे, माझ्याएवढाच वाटला. "साडूभाऊ, खरं सांगा. तुम्ही आईबापांना काय घालत होता? तुमची पिल्लं बघितल्यापासून मला झोप नाही हो. एकाच दुकानातले मासे. मी काय कमी केलं?"

ज्या क्षणाची मी इतकी वाट बघितली होती तो आला, आणि मला त्याची दया आली. फार गैरसोयीची भावना आहे ती. त्यातच मॅडम फाइल घेऊन आल्या. "तुमचा आहाराचा रकाना राहिलाय. आणि गुरुवारी आम्ही घरी येतो. आईबापांचा फोटो हवा, वजन करायचंय."

वजन! माझ्या डोळ्यांपुढे मटाराच्या ढिगाशेजारी तरंगणारी माझी मादी आली. बायको माझ्याकडे बघत होती, मेहुणी बघत होती.

मी सांगून टाकलं. बादलीपासून सगळं. जोखीम विभागणीही सांगितली, पण त्याचा उपयोग झाला नाही.

मला वाटलं, आता दोन बहिणींचं बोलणं बंद, सगळं संपलं. मग साडू बोटांवर हिशेब केल्यासारखा पुटपुटला, "म्हणजे ती अंडी माझ्या माशांची. म्हणजे पहिला नंबर माझा." आणि एकदम उजळला. "आणि दुसराही माझाच!"

"वाह रे वा!" मी म्हणालो. माझी दया जागच्या जागी मेली. "वाढवलं कोणी? तीनदा पाणी कोणी बदललं? तुमच्याकडे राहिलेली एकोणतीसच झाली!"

"अहो, शिदोरी माझ्या घरची!"

"सांभाळ माझा!"

"चोरीचा सांभाळ!"

मांडवातले लोक मासे सोडून आमच्याभोवती जमले. मॅडमनी फाइल टेबलावर आपटली. "दोघंही ऐका. दोन मिलिमीटर यांचे," त्यांनी माझ्याकडे पेन रोखलं, "आणि बाकीचे एकोणतीस आईबापांच्या खाण्याचे. प्रमाणपत्र त्या खाण्याला मिळेल. बोला, काय घालत होता?"

साडू खाकरला. "डब्यातलं. दोन चिमट्या."

"नुसत्या त्यावर अशी पिल्लं होणं शक्य नाही."

"शपथेवर सांगतो!"

"अहो, थांबा," माझी मेहुणी म्हणाली. इतका वेळ ती पर्सचा पट्टा चाळवत उभी होती. "मॅडम, यांना डॉक्टरांनी अंड्याचा बलक बंद केलाय. मी रोज दोन अंडी उकडते, पांढरं यांना देते. बलक टाकवत नाही हो माझ्यानं. चिमूटभर कुस्करून माशांना घालते, उरलेला मी खाते. कधी कोळंबी सोलताना एखादा तुकडा. भाजी निवडताना उकडलेलं पान. हे दुकानात गेले, की मग."

"किती दिवस?" मॅडमनी लिहायला सुरुवात केली होती.

"मासे आणले तेव्हापासून."

"आणि माझ्या चिठ्ठीत हे का नव्हतं?" मी विचारलं.

"आठ दिवस तुम्हाला कुठे अंडी उकडायला लावू, भाऊजी?"

साडूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हणजे माझा बलक मासे खात होते?"

"मासे आणि मी," मेहुणी म्हणाली.

मॅडमनी माझ्या नावावर काट मारली. साडूचं नाव लिहिलंच नाही. मेहुणीला मंचावर बोलावलं, प्रमाणपत्र दिलं आणि ध्वनिक्षेपकही दिला. ती आधी लाजली. मग तिनं अंडं किती मिनिटं उकडायचं इथपासून सुरुवात केली. बायका वह्या काढून लिहून घेत होत्या. माझी बायको पहिल्या रांगेत बसून 'ही माझी ताई' असं दोन्ही बाजूंना सांगत होती.

मी आणि साडू मागच्या दोन खुर्च्यांवर बसलो.

"दीड वर्षाच्या वर झालं," तो हळूच म्हणाला. "रोज दोन बलक. आणि मला सांगायची, की मासे आता तुम्हाला ओळखायला लागलेत."

"तसं बघितलं तर ताईंनी केलं काय?" मी म्हणालो. "उरलेलं टाकलं. त्यात कसली विद्या?"

"कोणीही टाकलं असतं."

"मी गांडुळं पाळली."

"तुम्ही गांडुळं पाळलीत?" त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. त्या नजरेत खराखुरा आदर होता. "घरात?"

"न्हाणीघरात."

त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. बावीस वर्षांत आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला होतो, आणि समोर मंचावर मेहुणी पालकाच्या पानांवर आली होती. तेवढ्यात बोलता बोलता तिनं आमच्याकडे हात केला आणि म्हणाली, "या दोघांचीही मदत झालीच." सगळा मांडव वळून बघायला लागला. आता काही इलाज नव्हता. आम्ही दोघांनी एकदम टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

माझ्या जरा जास्त जोरात होत्या.